विम्बल्डन की फ्रेंच ओपन?
विम्बल्डनच्या गवतावर चेंडू टप्पा पडला की खाली राहून सर्रकन निघतो. जोरकस सर्व्हिस असली की अर्धं काम झालं. फ्रेंच ओपनमध्ये, पॅरिसच्या लाल मातीवर तोच चेंडू मंदावतो, खांद्यापर्यंत उसळतो आणि गुण मिळवायला घाम गाळावा लागतो. म्हणूनच नदालची तिथली 14 विजेतेपदं मला फेडररच्या विम्बल्डनमधल्या 8 पेक्षाही थोर वाटतात.

मातीवर चेंडूचा ठसा उमटतो. पंच खुर्चीवरून उतरून, वाकून तो तपासतात, तेव्हा जीव टांगणीला लागतो! विम्बल्डनमध्ये 2025पासून चेंडू रेषेच्या आत की बाहेर, हा निर्णय यंत्रच देतं.

पांढऱ्या पोशाखाचा रुबाब मात्र विम्बल्डनचाच. आणि स्वीडनचा टेनिसपटू बोर्ग? 1978 ते 1980, सलग तीन वर्षं त्याने दोन्हीकडे बाजी मारली.