कोडॅक झेडआय८ : कीर्तन टिपायला खिशातला कॅमेरा

स्वस्तातला व्हिडिओ कॅमेरा बघताना मी आधी एकच विचारते : बाहेरचा माइक लावता येतो का? आमचे काका नारदीय कीर्तन करतात. चित्र थोडं मळकट आलं तर चालतं, पण निरूपणातला शब्द गेला की सगळंच गेलं.

झेडआय८ हा २००९ साली अमेरिकेत साधारण १८० डॉलरला आला. माझ्याकडचा आतेभावाने न्यू जर्सीहून आणलेला. तेव्हा बोलबाला होता फ्लिप या खिशातल्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा. तो वापरायला फार सोपा, पण त्याला ना माइकची सोय, ना मेमरी कार्डाची जागा. झेडआय८मध्ये दोन्ही आहे : ३.५ मिमी पिनचा माइक लागतो आणि ३२ जीबीपर्यंतचं एसडी कार्ड बसतं.

सभामंडपात कॅमेरा मागच्या खांबाशी उभा केला, तर आतल्या माइकवर आधी येतात पंखे आणि पोरं, मग काका. त्याऐवजी काकांच्या उपरण्याला स्वतःचा सेल असलेला कॉलर माइक लावायचा, लांब वायर कडेकडेने सोडायची. पूर्वरंगातला अभंग आणि त्यावरचं विवेचन शब्दन् शब्द मिळतं. पेटी-तबला जरा मागे राहतो, राहू दे. उत्तररंगात काका आवाज चढवतात, हातातली झांज वाजते, म्हणून मेनूत जाऊन माइकची पातळी आधीच उतरवून ठेवावी. एवढ्याशा यंत्रात ती आपल्या हातात आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चित्र १०८०पी मिळतं. मी ७२०पी ठेवते, कार्ड जास्त पुरतं. समईच्या उजेडात चित्रात दाणे दिसतात. झूम डिजिटल आहे, त्याला हात न लावता स्टँडच पुढे न्यावा. फोकस कायमचा ठरलेला. अगदी जवळचं टिपण्यासाठी वेगळी पट्टी आहे, ती कुठल्या बाजूला सरकलीय ते बघूनच लाल बटण दाबा.

फोन आहे की, असं म्हणाल. ऐन आख्यानात त्यावर कॉल येतो, आणि आताच्या बऱ्याच फोनांना ३.५ची पिन लागतच नाही.

कोडॅकने २०१२ मध्ये हे कॅमेरे बंद केले, त्यामुळे मिळेल तो जुनाच. बॅटरीची चिंता नको : त्याची मूळची केएलआयसी-७००४ नसली तरी फुजीफिल्मची एनपी-५० चालते. मात्र घेताना आपला माइक घेऊन जा, पिन लावा, दोन मिनिटं बोला आणि ते ऐकूनच पैसे द्या.