रडगाणी, पण फास्ट

पॉप-पंकचं, म्हणजे गोड चालींच्या फास्ट पंक रॉकचं, नाव काढलं की बरेच जण नाक मुरडतात. पोरकट म्युझिक, तीन कॉर्ड्स, नाकातून गाणारा गायक आणि तिशी आली तरी ब्रेकअपचंच तुणतुणं. आरोप अगदीच खोटा नाहीये. पण मला आवडतं ते हे की इथे लोक मनातलं सगळ्यात वाईट बोलून टाकतात आणि चाल मात्र अशी असते की पाय हलल्याशिवाय राहत नाही, म्हणजे रडगाणंच, फक्त स्पीड दीडपट. इंडीवाले (म्हणजे छोट्या, स्वतंत्र कंपन्यांचे रॉक बँड) तेच रडगाणं सावकाश गातात, एवढाच काय तो फरक (मारतील मला). तर खालचे अल्बम मी अक्षरशः झिजवलेत, सगळे पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐका, शफल बंद करा आधी.

ग्रीन डे या बँडचा 'डुकी' (१९९४) सगळ्यांना माहीत असतो, पण माहीत असणं आणि नीट ऐकणं यात फरक आहे. यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं पॅनिक अटॅकवर आहे, गायकाला स्वतःला होणाऱ्या, आणि आपण सगळे ते पार्टीत उड्या मारत गातो! शेवटचं गाणं संपलं की लगेच बंद करू नका, थोड्या शांततेनंतर ड्रमरने गायलेलं एक चक्रम गाणं लपवलंय. त्याच पठडीतला पुढचा म्हणजे ब्लिंक-१८२चा 'एनिमा ऑफ द स्टेट' (१९९९). 'डुकी'च्या मिक्सिंगमध्ये जेरी फिन होता, तोच इथे प्रोड्यूसर, त्यामुळे आवाज कसा लख्ख आहे बघा. आणि ड्रमर ट्रॅव्हिस बार्करचा या बँडसोबतचा हा पहिला अल्बम, त्याच्यासाठी एकदा सगळा अल्बम फक्त ड्रम्सकडे कान लावून ऐका. जोक्स मात्र आता जुने झालेत, काही तर नकोच वाटतात. पण मधेच ते एकटेपणावरचं गाणं येतं आणि सगळा टवाळपणा एकदम गप्प होतो, त्या एका जागेसाठी बाकीचं माफ.

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी जॉइस मॅनरचा 'नेव्हर हंगओव्हर अगेन' (२०१४), १० गाणी, १९ मिनिटं. चहा गार व्हायच्या आत संपतो. कोरस दोनदा यायची वाट बघाल तर तो येतच नाही, गाणं संपलेलं असतं, आणि म्हणूनच परत लावावं लागतं. हे सगळं कुठून आलं असं वाटत असेल तर डिसेंडंट्सचा 'मायलो गोज टू कॉलेज' ऐका, १९८२ चा, १५ गाणी २२ मिनिटांत. नाव गंमत म्हणून नाहीये, गायक मायलो खरंच कॉलेजला निघाला होता आणि पुढे त्याने बायोलॉजीत डॉक्टरेटपण केली. एक सांगून ठेवते, त्यातले काही शब्द आज ऐकवत नाहीत, वयाचा दोष म्हणून सोडून द्यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता माझा सगळ्यात लाडका. द वंडर इयर्सचा 'द ग्रेटेस्ट जनरेशन' (२०१३). घरच्यांकडून काय वारशाने आलंय, आपण आजोबांएवढे खंबीर का नाही, औषधं, भीती, गाव सोडून जाऊन परत येणं, असलं सगळं त्यात आहे आणि तरी गाणी ओरडून म्हणावीशी वाटतात. शेवटचं गाणं सात मिनिटांच्या वर आहे आणि त्यात आधीच्या गाण्यांच्या ओळी एकेक करून परत येतात, सगळ्या पात्रांनी शेवटच्या अंकात स्टेजवर यावं तशा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हेडफोन काढून नुसती बसून राहिले होते. पण ते नुसतं शेवटचं गाणं लावून काही होणार नाही हं, आधीची १२ ऐकलेली असली तरच ते लागतं. म्हणून म्हटलं शफल बंद.

जिमी ईट वर्ल्डचा 'ब्लीड अमेरिकन' (२००१) ज्याचा दिवस वाईट गेलाय त्याला द्यायचा अल्बम. लेबल (रेकॉर्ड कंपनी) सुटलं होतं, रेकॉर्डिंगचे पैसे बँडने स्वतः उभे केले, आणि त्यातून आलं काय तर होईल रे सगळं नीट असं सांगणारं गाणं, आणि हिटपण तेच झालं. त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर हे नाव बरं दिसेना म्हणून अल्बमला नुसतं बँडचंच नाव दिलं, जुनं नाव नंतर परत आलं, त्यामुळे दोन नावांनी दिसला तर गोंधळू नका.

पप नावाच्या बँडचा 'द ड्रीम इज ओव्हर' (२०१६) फक्त चिडलेले असाल तेव्हाच. गायकाच्या स्वरयंत्राची वाट लागली होती, डॉक्टरने त्याला जे ऐकवलं तेच अल्बमचं नाव, आणि मग हा बाबा पूर्ण अल्बमभर घसा फाडून ओरडतो. पहिलं गाणं गुणगुणल्यासारखं सुरू होतं, फसू नका, व्हॉल्यूम कमी ठेवा.

सावकाश रडायचं असेल तर अमेरिकन फुटबॉल नावाचा बँड. १९९९ चा अल्बम, नावपण तेच (पुढच्या अल्बमनाही तेच नाव, काय म्हणावं), कव्हरवर रात्रीचं एक साधं घर. दोन गिटारी एकमेकींत अशा गुंततात की कुठली कुठे संपते कळत नाही, आणि ड्रमरच मधेच ट्रम्पेट वाजवतो. शब्द अगदी थोडे. अल्बम आला आणि बँड मोडला, लोकांनी नंतर हळूहळू शोधून काढला, पुढे ते पुन्हा एकत्र आले आणि २०२३ मध्ये तर बँडने लेबल आणि काही मित्रांसोबत ते कव्हरवरचं घरच विकत घेतलं.

पॅरामोरचा 'आफ्टर लाफ्टर' (२०१७) पॉप-पंक नाहीच म्हणून वाद घालतील लोक, घालू देत. ऐंशीच्या दशकासारखे चमकदार सिंथेसायझर आणि खाली नुसतं डिप्रेशन, वाईट बोल आणि नाचरी चाल असं मी सुरुवातीला जे म्हटलं त्याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

न्यूट्रल मिल्क हॉटेल हा इंडी बँड यादीत का नाही असं विचारणारे येतीलच. 'इन द एरोप्लेन ओव्हर द सी' (१९९८) मला आवडतो, पण त्या गायकाचा आवाज आणि वाद्यासारखी करवत वाजवणं पहिल्या दोन वेळा झेपत नाही, आधी 'डुकी' पचवा मग तिकडे जा.