घरी ऑक्सिजन मशीन, सोबत २७ आठवड्यांची लेक: साडेपाच महिन्यांचा अनुभव

माझी लेक २७ व्या आठवड्यात झाली, ९६० ग्रॅमची. चौऱ्याऐंशी दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढून मेच्या सुरुवातीला घरी आली तेव्हा वजन २ किलो १५० होतं आणि नाकाला ऑक्सिजनची नळी होती. फुप्फुसं अजून कच्ची आहेत, याला बीपीडी म्हणतात, वजन वाढेल तशी सुधारतील, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. तेव्हापासून आमच्या इंदिरानगरच्या घरात ५ लिटरचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन, चालू आहे. ज्यांचं बाळ असंच नळीसकट घरी यायचंय, त्यांच्यासाठी लिहितेय.

सगळ्यात आधी फ्लोमीटर, म्हणजे मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन जातोय ते आतल्या गोळीने दाखवणारी काचनळी. भाड्याने आलेल्या मशीनवर पहिली खूण अर्ध्या लिटरची, आणि लेकीला लागत होता पाव लिटर. दुकानदार म्हणाला, "गोळी अर्ध्याच्या जरा खाली ठेवा, झालं." तसं होत नाही. पहिल्या खुणेखाली किती जातंय ते कळतच नाही, आणि कमी दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजनही बाधतो. आमची तर आरओपीची, म्हणजे अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला होणाऱ्या आजाराची, तपासणी अजून चालू होती. रात्री साडेदहाला एनआयसीयूत फोन केला. सिस्टर म्हणाल्या, अर्ध्यावर ठेवा, ऑक्सिमीटरवरच्या रक्तातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर लक्ष ठेवा, आणि उद्या बाळांचा लो-फ्लो मीटर आणा, त्यावर ०.१ पासून खुणा असतात. ती रात्र आम्ही दोघं तिच्या पायाला लावलेल्या ऑक्सिमीटरच्या प्रोबकडे (सेन्सरकडे) बघत बसून होतो. तो मीटर डिस्चार्जच्या आधी हातात घ्या. पायाला गुंडाळायचा लहान बाळांचा प्रोबही तेव्हाच घ्या. बोटाला लावायचा मोठ्यांचा ऑक्सिमीटर इथे उपयोगाचा नाही.

मशीन म्हणून मी समाधानी आहे. ते खोलीतली हवा ओढतं, आतल्या झिओलाइट नावाच्या दाण्यांत नायट्रोजन अडकतो आणि नळीतून साधारण ९३ टक्के ऑक्सिजन येतो. भरून आणायची कटकट नाही, पण वीज खातं: आमचं ३५० वॅटचं, दिवसरात्र चालू, म्हणजे महिन्याला अडीचशे युनिट. मे महिन्यात त्याच्या गरम हवेने खोली तापायची. मग लांब नळी घेऊन ते पॅसेजमध्ये ठेवलं, भिंतीपासून हातभर लांब, आणि घरघरही कमी झाली. शेजारी बांधकाम चालू असल्याने मशीनची जाळी दर रविवारी धुतेच. तरी तिसऱ्या महिन्यात पिवळा दिवा लागला, म्हणजे ऑक्सिजनचं प्रमाण घसरलं. बदली मशीन यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस सिलिंडरने निभावले.

सिलिंडरबद्दल माझं मत ठाम आहे: वीज जाते, म्हणून तो घरात हवाच. आमचा जुना इन्व्हर्टर मशीनचा कॉम्प्रेसर सुरू होताना बंद पडायचा. नव्यावर खर्च करण्यापेक्षा आम्ही बी टाइप सिलिंडर घेतला. त्यात सुमारे १५०० लिटर मावतो. मिनिटाला पाव लिटर धरला तर शंभर तास.

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, ऑक्सिजन या शब्दाचीच धास्ती होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या नाशकात टाकीतून ऑक्सिजन गळून किती माणसं गेली, ते त्या विसरलेल्या नाहीत. सिलिंडर घरात आला तेव्हा त्या खोलीत यायलाही तयार नव्हत्या. जूनमध्ये वादळी पावसात रात्री पाच तास वीज गेली. नवरा सातपूरला सेकंड शिफ्टला, लेक माझ्या छातीशी, मशीन ओरडतंय. ऑक्सिजनजवळ मेणबत्ती लावायची सोय नाही. आईंनी मोबाइलचा टॉर्च दातात धरला, सिलिंडरच्या मानेला लाल नाड्याने बांधलेला पाना घेतला आणि व्हॉल्व्ह उघडला. आदल्या रविवारी त्यांनीच मला तीनदा करून दाखवायला लावलं होतं. घरातल्या प्रत्येकाला हे शिकवा, आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा.

बाळंतिणीच्या खोलीत ओव्याची धुरी, शेगडी हे आपल्याकडे ठरलेलं. ऑक्सिजनजवळ ते अजिबात चालत नाही: निखारा नाही, उदबत्ती नाही, नाकाजवळ तेल किंवा व्हॅसलीन नाही. आईंना वाईट वाटलं, पण डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर त्यांनी शेगडी माळ्यावर टाकली. गणपतीत कापूर आणि निरांजन हॉलमध्ये, मधलं दार बंद. मी आतूनच आरती म्हटली.

गालाचं कुणी आधी सांगत नाही. चिकटपट्टी रोज काढली की कातडी सोलते. आधी गालावर हायड्रोकोलॉइडचा (जखमेवर लावायच्या मऊ चिकट ड्रेसिंगचा) पातळ तुकडा, वर टेप, आणि तुकडा तीन-चार दिवस हलवायचा नाही. काढताना कोमट पाण्याचा बोळा दाबून धरायचा. तरी डाव्या गालावर बारीक लाल रेघ राहिलीये.

ऑक्सिमीटरचा आकडा घसरला की आधी बाळ बघा. नुसता पाय झाडला तरी तो ८० दाखवतो. ओठ गुलाबी आहेत, बरगड्या आत ओढल्या जात नाहीत, तर अर्धा मिनिट थांबून प्रोब नीट बसवा. ओठ निळसर दिसले तर मात्र प्रोब बघत बसू नका, दवाखाना गाठा. दूध पिताना आकडा खरंच घसरतो; मधे थांबवून पाजायला आम्हाला महिना लागला. आणि मनाने ऑक्सिजन कमी करू नका. नातेवाईक विचारतात, "अजून नळी?" विचारू देत. ऑक्सिजन पुरत नसेल तर बाळाचं वजनही वाढत नाही.

सप्टेंबरपासून डॉक्टरांच्या सांगण्यानुसार दिवसा जागेपणी तासभर, मग दोन तास, असं करत आता दिवसभर ती नळीशिवाय असते. वजन ५ किलो ६००. रात्री ०.१ लिटर चालू आहे. दुकानदार सिलिंडर परत मागतोय. डॉक्टर म्हणाले, नाशिकची थंडी जाऊ द्या, म्हणून मी फेब्रुवारीपर्यंतचं भाडं भरून टाकलंय.