वजन कमी करायच्या ऑपरेशनमध्ये स्लीव्ह की बायपास? आमच्या घरात दोन्ही झालंय

ताईची स्लीव्ह, वहिनीची बायपास, दोघी मालवणात. पहिले दोन-तीन दिवस सारखेच, दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटात गॅस भरतात त्याने खांदा दुखतो, चालत राहिलं की उतरतो. खरा फरक नंतर कळतो. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण 75-80 टक्के भाग काढतात, आतडं तसंच; बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. पण स्लीव्हनंतर ताईला रात्री छातीत जळजळ सुरू झाली, उशा रचून झोपते बिचारी. वहिनीची जुनी जळजळ बायपासने गेली, पण आता गोड झेपत नाही, गणपतीत एक मोदक खाल्ला आणि घाम, धडधड, पोटात कळ, अर्धा तास ओटीवर आडवी. गुडघेदुखीची आयब्युप्रोफेनची गोळीही तिला बंद, अल्सर होऊ शकतो. व्हिटॅमिन दोघींना कायमचंच. ॲसिडिटी आधीपासून असेल तर मी बायपासच म्हणेन. वहिनी आता देवळाची घाटी न थांबता चढते हो!