'टर्बो गेलाय' असं सांगत कुणी गाडी थांबवली तर

चिलीतल्या सान पेद्रो दे अताकामाहून हामा खिंडीने अर्जेंटिनात मोटरहोम न्यायचा बेत असेल, तर निघण्याआधी हे वाचा. त्या वाटेवर आम्हाला सहाशे डॉलरचा चुना लागला. चोरी झाली नाही, कुणी धाक दाखवला नाही, आवाजसुद्धा चढवला नाही. तिथे गाडी खरोखरच आजारी दिसते आणि माणूसही. या दोन गोष्टींच्या भांडवलावर त्या भामट्यांचा धंदा चालतो.

सान पेद्रो साधारण 2,400 मीटरवर आहे. तिथून 27 क्रमांकाचा रस्ता लिकानकाबुर ज्वालामुखीच्या अंगाने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांत 4,500 मीटरच्या वर चढतो. कळसूबाई 1,646 मीटर आहे, म्हणजे अंदाज करा. सरहद्दीवरची हामाची चौकी 4,200 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. हवा विरळ, त्यामुळे डिझेल पुरतं जळत नाही, मागून काळा धूर निघतो, दुसऱ्या गियरमध्येही गाडी कण्हत चढते. गॅसवर चालणारा फ्रीज बंद पडतो, डिझेलचा हीटर काजळी ओकायला लागतो. पाणी 86-87 अंशांनाच उकळतं. कुकर सोबत होता म्हणून डाळ शिजली, नाहीतर वरणाऐवजी कडधान्य चावत बसावं लागलं असतं. यातलं काहीही बिघाड नसतो. खाली उतरलं की सगळं आपोआप ताळ्यावर येतं.

हे त्या दोघा भामट्यांना पक्कं ठाऊक होतं.

हामाची तपासणी आटोपून आम्ही अर्जेंटिनाच्या 52 क्रमांकाच्या रस्त्याला लागलो. नवऱ्याचं डोकं ठणकत होतं, सकाळपासून दोनदा उलटी झाली होती, म्हणून गाडी मी चालवत होते. फोनला रेंज नाही, दोन्हीकडे पिवळं गवत आणि व्हिकुन्यांचे, म्हणजे लामासारख्या रानटी प्राण्यांचे कळप. मागून एक पिकअप आली, दिवे मारले, बाजूला येऊन चालकाने हाताने धुराची खूण केली. मी थांबले. उतरला तो पन्नाशीचा, अतिशय अदबशीर गृहस्थ. सोबत एक तरुण पोरगा, हातात इंजिनचे दोष वाचणारा स्कॅनर. आधी त्याने नवऱ्याकडे पाहिलं. 'सेन्योर अपुनादो आहेत, त्यांना आडवं होऊ द्या,' म्हणत कोकाची पानं दिली आणि थर्मासमधलं गरम पाणी दिलं. अपुनादो म्हणजे उंची बाधलेला. (कोकाची पानं चघळणं अर्जेंटिनाच्या त्या भागात सर्रास चालतं, त्यात वावगं काही नाही.) मी नवऱ्याला झोपवून पांघरूण घालेपर्यंत बॉनेट उघडलेलं होतं.

'चालू करा,' तो म्हणाला. केली. इंजिनचा पिवळा दिवा लागला, जो आत्तापर्यंत एकदाही लागला नव्हता, आणि ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी गुरगुरण्यापलीकडे काही करेना. पोराने स्कॅनर जोडला. पडद्यावर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, दाबाचा दोष दिसला. स्कॅनर खोटं बोलत नव्हता. मी आत असताना त्यांनी हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा प्लग उपटून ठेवला होता, हे आम्हाला फार नंतर कळलं.

मग पिकअपमधून तेलकट फडक्यात गुंडाळलेला टर्बो निघाला. दुरुस्त करून ठेवलेला आहे, साल्ता शहरातून मागवायचा तर चार-पाच दिवस जातील, टो करायचं तर त्याहून महाग, असं सगळं शांतपणे सांगून झालं. नऊशेवरून सहाशे डॉलरवर सौदा ठरला, रोख. वारा आणि धूळ आत जाऊ नये म्हणून बॉनेटवरून ताडपत्री सोडली. आतून पान्यांचा आवाज, मधूनच 'जोर लागतोय जरा' वगैरे. दीडएक तासाने ताडपत्री निघाली. पोराने 'जुना' टर्बो माझ्यापुढे धरला, तेलाने बरबटलेला, आणि बोटाने त्याचा पंखा हलवून दाखवला: बघा, किती ढिला झालाय. तो मात्र आम्हाला ठेवायला दिला नाही. जुना परत दिल्याशिवाय दुकानदार नवा देत नाही म्हणे. असा अदलाबदलीचा रिवाज या धंद्यात खरंच आहे, म्हणून ते पटण्यासारखंही होतं. गाडी चालू केली तर दिवा गेलेला आणि इंजिन आधीपेक्षा हलकं. प्लग परत लावला होता, एवढंच.

सालिनास ग्रांदेसच्या मिठागरापर्यंत सगळं झकास होतं. तिथला रस्ता सपाट. पुढे लिपानचा घाट लागला, जो 4,170 मीटरला जाऊन मग पुर्मामार्का गावाकडे नागमोडी उतरतो. चढाला लागताच तोच काळा धूर, तेच कण्हणं. नवऱ्याला तोवर जरा बरं वाटत होतं. तो म्हणाला, 'अगं, नव्या टर्बोला इतक्यात काय धाड भरली?' आणि घाट उतरून पुर्मामार्का गाठलं, तर गाडी अशी पळायला लागली की जणू कधी आजारीच नव्हती.

साल्ताला एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याने बॉनेट उघडलं, टॉर्च आत मारला आणि आम्हालाच वाकून बघायला लावलं. टर्बोच्या बोल्टांवर गंज आणि त्यावर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. पाना लागला असता तर निदान कडा तरी चकाकल्या असत्या. धूळ पुसली गेली होती ती फक्त एका ठिकाणी, सेन्सरच्या प्लगवर, दोन बोटांएवढी. थंड न झालेल्या इंजिनावरचा टर्बो दीड तासात बदलणं शक्यच नाही, असंही तो म्हणाला. तेलाच्या नळ्या, गॅस्केट, सगळं काढावं लागतं. त्याने पैसे घेतले नाहीत.

रात्री मी फोनमधले फोटो काढून बसले. नवा म्हणून दाखवला तेव्हाचा एक होता, जुना म्हणून दाखवला तेव्हाचा एक. मोठे करून पाहिले तर दोन्हींवर कोरलेला नंबर एकच. एकाच टर्बोला फडक्याने पुसून नवा करायचं आणि तेल चोपडून जुना. कितीजणांना त्यांनी तो दाखवला असेल कोण जाणे. राग तर आलाच, पण खरं सांगू, थोडं कौतुकही वाटलं मेल्यांचं.

गाडी भाड्याची होती. चिलीची भाड्याची गाडी सरहद्दीपार न्यायची तर कंपनीकडून नोटरी केलेलं परवानगीपत्र आणि अर्जेंटिनाचा विमा आधीच काढून घ्यावा लागतो, ते आमच्याकडे होतं. पण करारात एक कलम असतं: लेखी परवानगीशिवाय दुरुस्ती करायची नाही. कंपनीने त्यावर बोट ठेवलं. शिवाय आमच्याकडची पावती म्हणजे वहीचं फाडलेलं पान. अर्जेंटिनात रीतसर बिलावर, ज्याला तिथे फाक्तुरा म्हणतात, कुइत हा 11 आकडी करक्रमांक असतो. तो नसलेला कागद विमावाले हातात धरत नाहीत. पोलिसांत तक्रार दिली. त्यांनी ती सभ्यपणे लिहून घेतली आणि पिकअपचा नंबर विचारला. सगळे फोटो टर्बोचे, पिकअपचा एकही नाही.

त्या वाटेने जाणार असाल तर सान पेद्रोलाच इंजिनचे दोन-चार फोटो काढून ठेवा, टर्बो आणि सगळे प्लग दिसतील असे. चढावर धूर आला की खालचा गियर टाकून सावकाश चढा, पायाखालचा जोर कमी करा. तेलाचा दिवा लागला किंवा इंजिनचं तापमान चढलं तर मात्र लगेच थांबा. तो खरा बिघाड असू शकतो. नुसती ताकद कमी झाली असेल तर हामापासून पुर्मामार्कापर्यंतचे अडीचशेएक किलोमीटर तशीच रेटा आणि खाली उतरून मगच निदान करून घ्या. वाटेत कुणी मदतीला आलं तर बॉनेटला हात लावायच्या आधी इंजिन चालू करून त्यांच्यासमोर दाखवा, दिवा नाही याचा व्हिडिओ काढा, आणि बॉनेट उघडं असेपर्यंत एकाने तिथेच उभं राहा. आजारी माणसाला पाणी द्यायला आत जायचं असेल तर आधी बॉनेट बंद. पिकअपच्या नंबरचा फोटो पहिल्यांदा.

आम्हाला फसवणारी जोडी पांढऱ्या डबल-केबिन पिकअपमध्ये होती, मागे निळी ताडपत्री. त्यातल्या पन्नाशीच्या गृहस्थाच्या डाव्या हाताचं करंगळीचं पेर तुटलेलं आहे. पिकअप बदलेल, ताडपत्री बदलेल, पेर बदलणार नाही.