न्यूग्रेंज की लॉक्रू? आयर्लंडमधल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या समाध्यांपैकी कोणती निवडावी

डब्लिनहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशा या दोन्ही जागा काउंटी मीदमध्येच आहेत. दोन्हीकडे अश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी बांधलेल्या दगडी समाध्या आहेत आणि दोन्ही इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुन्या. तरी एकीची भूक दुसरीवर भागत नाही. समाधीच्या पोटात शिरायचं असेल तर न्यूग्रेंज. डोंगरमाथ्यावर, वाऱ्यात, समाध्यांमधून मनासारखं फिरायचं असेल तर लॉक्रू.

न्यूग्रेंज इ.स.पू. ३२०० च्या सुमाराचं. टेकाड सुमारे ८५ मीटर रुंद, पायथ्याला ९७ मोठे दगड. आतली वाट १९ मीटर लांब आणि इतकी अरुंद, की काही ठिकाणी अंग चोरून, वाकून जावं लागतं. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी आधीच विचार करावा. टोकाच्या गाभाऱ्याचं छत मात्र जवळपास ६ मीटर उंच. एकावर एक दगड थोडे पुढे सरकवत वर नेलेत, चुन्याचा थेंब नाही. वरच्या दगडांना पाणी वाहून जायला खाचा पाडल्यात, सांध्यांत समुद्राची वाळू आणि भाजलेली माती ठासलीय. म्हणून आयर्लंडच्या पावसातही हा गाभारा पाच हजार वर्षं कोरडा राहिला.

दाराच्या वर एक छोटा झरोका आहे. आतली जमीन चढत जाते आणि गाभाऱ्याचा तळ जवळपास झरोक्याच्या पातळीला येतो. त्यामुळे डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवसांत उगवत्या सूर्याचा किरण दारावरून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतो आणि सुमारे १७ मिनिटं टिकतो. उत्खनन करणारे मायकल ओ'केली यांनी तो २१ डिसेंबर १९६७ रोजी आतून पाहिला. आज त्या पहाटेची आतली जागा सोडतीतून मिळते, आणि नंबर लागला तरी ढग आले तर काही दिसत नाही. पण एरवीच्या फेरीतही दिवे मालवून विजेच्या प्रकाशाने तो किरण दाखवतात, आणि रचना समजायला तेवढं पुरतं. फक्त सोडतीच्या आशेवर डिसेंबरचं तिकीट काढू नका.

एक मात्र खटकतं. समोरची पांढऱ्याशुभ्र गारगोटीची उभी भिंत १९७० च्या दशकात काँक्रीटच्या आधाराने नव्याने उभारलेली आहे. गारगोटी खरीच, विक्लोच्या डोंगरांतून आणलेली. पण ती भिंतीत नव्हे, दारासमोर जमिनीवर अंथरलेली असावी, असं अनेक पुरातत्त्वज्ञांचं मत आहे.

इथे सर्वाधिक फसगत होते ती नकाशात. 'न्यूग्रेंज' टाकलं की गाडी थेट समाधीच्या फाटकापाशी नेते, आणि तिथून आत सोडत नाहीत. 'ब्रू ना बोन्या' अभ्यागत केंद्र टाका. ते बॉइन नदीच्या दक्षिणेला, डोनोरजवळ आहे; पुढे त्यांच्याच बसने जायचं. गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच माणसं मावतात, म्हणून आत जाण्याचं तिकीट आधीच ऑनलाइन घ्या आणि ते गाभाऱ्याचंच आहे ना, हे पाहा. आत फोटो काढू देत नाहीत.

लॉक्रूला तिकीट नाही, बसही नाही. ओल्डकासल गावापासून काही किलोमीटरवर गाडी लावायची आणि मेंढ्यांच्या कुरणातून पंधरा-वीस मिनिटं खडा चढ चढायचा. पावसानंतर गवत निसरडं होतं. चांगल्या पकडीचे बूट हवेत. या डोंगराचं नाव श्लीव्ह ना कॅली, म्हणजे म्हातारीचा डोंगर. उड्या मारताना म्हातारीच्या ओटीतून सांडलेले दगड म्हणजे या समाध्या, अशी लोककथा आहे. मुख्य समाधी 'केर्न टी' (केर्न म्हणजे दगडांचा ढीग). वसंत आणि शरद संपाताच्या, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखे असतात तेव्हाच्या, सकाळी तिच्या मागच्या कोरीव दगडावर उन्हाचा चौकोन सरकतो. मात्र बांधकामाला धोका असल्यामुळे तिचा आतला भाग गेली काही वर्षं बंद ठेवला आहे; त्या दिवसांसाठी जायचं असेल तर आधी चौकशी करा. एरवी दाराच्या जाळीतून डोकावायचं आणि समाधीच्या पायथ्याच्या 'म्हातारीची खुर्ची' नावाच्या मोठ्या दगडापाशी थांबायचं.

एकच दिवस आणि गाडी नसेल तर न्यूग्रेंज निवडा. ड्रॉहेडापर्यंत रेल्वे आहे, तिथून टॅक्सीने केंद्र जवळ. गाडी असेल तर दोन्ही करा, पण सकाळचं तिकीट न्यूग्रेंजचं घ्या आणि लॉक्रू दुपारनंतर ठेवा. न्यूग्रेंजला बसची वेळ चुकली तर गाभारा हुकतो, लॉक्रूचा डोंगर मात्र तासभर उशीर झाला तरी चढता येतो.