बांगड्यांशेजारचा फिटनेस बँड : पावसाळा, हिवाळा वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असणाऱ्यांचा वेळ जाणार नाही. दोन हजारांच्या आतला फिटनेस बँड खेड्यातल्या बाईनं घ्यावा का? बसून काम करत असाल तर घ्या. दिवसभर वावरात राबत असाल तर पैसे वाचवा. तुमचं काम मोजायची अक्कल या यंत्रात नाही.

मी बसून काम करणाऱ्यांतली. अमरावती जिल्ह्यातल्या तिवसा तालुक्यात आमचं गाव. घरी शिलाई मशीन आहे, ब्लाऊज, फॉल-पिकोपासून शाळेच्या गणवेशापर्यंत सगळं शिवते. घरचं आवरून एकदा मशीनवर बसले की दिवेलागणीलाच उठणं. मागच्या जूनमध्ये रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, म्हणजे एचबीए१सी, ६.१ आला. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेह अजून झालेला नाही, पण दारात उभा आहे. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, चालायला आणि खाणं बदलायला सांगितलं. त्याच आठवड्यात मुलानं नागपूरहून हा बँड आणून हातात बांधला.

कंपनी कोणती ते लिहीत नाही, कारण या किमतीतले बहुतेक बँड आतून सारखेच. हालचाल ओळखणारा एक सेन्सर, आणि मनगटावर हिरवा उजेड टाकून रक्ताच्या प्रवाहावरून ठोके मोजणारा दुसरा. बाकी सगळी सजावट.

पहिली अडचण बांगड्यांची. मी जेवढे अनुभव वाचले ते सगळे पुरुषांचे किंवा शहरातल्या मुलींचे, त्यामुळे हे कुठंच नव्हतं. बांगड्यांच्या मध्ये बँड बांधला तर तो सरकतो, खालचा सेन्सर कातडीपासून उचलला जातो आणि ठोक्यांचा आकडा काहीच्या काही येतो. निवांत बसलेली असताना एकशे तीस दाखवला तेव्हा मी घाबरलेच होते. उपाय सोपा आहे: बांगड्यांच्या वर, कोपराच्या बाजूला, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं सोडून जरा घट्ट बांधायचा. सण असला, हातभर चुडा असला, तर सरळ दुसऱ्या हातात घालायचा आणि ॲपमध्ये तसा बदल करायचा.

आता मोजणीचं. बँड पाय मोजत नाही, हात मोजतो. हात झुलला की पाऊल पडलं, असा त्याचा हिशोब. त्यामुळे भाकरी थापायला बसले की पावलं वाढतात. गोठ्यासाठी चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन, तो एका हातानं धरून आले, तर अर्धीअधिक पावलं बुडतात. दिवाळीच्या आसपास कापूस वेचायला गेले होते. दिवसभर ओटी भरून तासांमागून तास घातले, कंबर मोडली, आणि बँडच्या मते माझा दिवस जेमतेम होता. शिलाई मशीनचं पायडल तर त्याच्या गावीच नाही. सासूबाईंनी दोन दिवस बघून निकाल दिला, "तुह्या घडीले भाकर थापनं अन् चालनं एकच दिसते वं बाई."

त्यांचं दुसरं वाक्य मात्र जास्त खरं होतं. "आमी तं गुरुकुंजले पायदळ जाऊन पायदळ येत होतो, तवा कोनी मोजत नव्हतं." घरात कोण किती चालतं हे बघायला मी एक रविवार हा बँड ह्यांच्या हातात बांधला. शेतकरी माणूस, मला वाटलं आकडा कुठल्या कुठं जाईल. वावरापर्यंत मोटरसायकल, वावरातून चौकात मोटरसायकल, चौकातून घर मोटरसायकल. फवारणी नाही, डवरणी नाही असा तो दिवस होता, आणि त्यांची पावलं माझ्याहून कमी भरली. ते म्हणाले, यंत्र बिघडलं आहे. पुन्हा हातात घालायला तयार नाहीत.

दहा हजार पावलांचं खूळ बहुतेक ॲपमध्ये आधीपासूनच भरलेलं असतं. पहिला महिना मला रोज नापास झाल्यासारखं वाटायचं. मग मुलानं शोधून सांगितलं, की हा आकडा कुठल्या डॉक्टरानं काढलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलं. तिथून तो जगभर पसरला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या वयस्क बायकांचा एक मोठा अभ्यास छापून आला. त्यात दिवसाला साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाही, अगदी कमी चालणाऱ्यांच्या तुलनेत, फायदा दिसला होता आणि साडेसात हजारांनंतर तो फारसा वाढत नव्हता. त्या बायकांचं सरासरी वय बहात्तर, मी पंचेचाळीसची, तरी मी ॲपमधलं लक्ष्य खाली आणून सात हजारांवर ठेवलं. तुमच्याही बँडमध्ये पहिलं काम हेच करा. रोज लाल दिसणारा आकडा माणसाला चालवत नाही, बँड कपाटात टाकायला लावतो.

या बँडचा खरा उपयोग मला दुसरीकडेच सापडला. तासभर हालचाल झाली नाही की तो मनगटावर थरथरतो. मशीनवर असताना हे फार लागू पडतं. आधी मी एक बाही जोडून झाली की दुसरी घ्यायची, पाय आखडले तरी कळायचं नाही. आता थरथरला की उठते, अंगणात चार चकरा मारते, तुळशीला पाणी घालते, पुन्हा बसते. जेवणानंतरही तसंच. दहा-पंधरा मिनिटं पाय मोकळे केले तर जेवणानंतरची साखर कमी चढते, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण सांगितलेलं विसरायला होतं आणि मनगटावरची थरथर विसरता येत नाही. पैसे वसूल झाले ते इथं.

सकाळचं फिरणं मात्र बँडच्या जोरावर टिकलेलं नाही. ते टिकलं शेजारच्या दोघींमुळे. एक माझी चुलत जाऊ, दुसऱ्या अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी. खेड्यात बाईनं बिनकामाचं चालणं लोकांना पचत नाही. डोक्यावर काही नाही, हातात पिशवी नाही, मग ही चालली कुठं? पहिले काही दिवस पारावरून रोज विचारणा व्हायची, "कुठी चालल्या वं एवढ्या सकायी?" एकटी असते तर चौथ्या दिवशी बंद केलं असतं. तिघी असलो की मावशीच उत्तर देतात, "साखर पांगवाले चाललो, येता का?" आता कोणी विचारत नाही. उलट अजून दोन-तीन जणी कधीमधी येतात.

साडीवर बूट घालायची लाज मात्र बरेच दिवस होती. चपलेवर जोरात चालता येत नाही, टाचा दुखतात, म्हणून साडी घोट्याच्या वर खोचून बूट घातले. गावानं चार दिवस हसून घेतलं.

आमची वाट अप्पर वर्धा धरणाच्या कॅनॉलच्या कडेनं. रब्बीला पाणी सोडलेलं असतं तेव्हा तिथं चालायला फार बरं वाटतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत संत्र्याचा आंबिया बहार फुटला की वास पुलापर्यंत येतो. त्या दिवसांत मला कोणी उठवावं लागत नाही. पण पावसाळ्यात ती वाट विसरा. काळी माती बुटाच्या तळाला अशी चिकटते की दहा पावलांत पाय किलोभर जड होतो. गवतात जनावराची भीती असते, इथं घोणस, मण्यार दोन्ही निघतात. सोयाबीन उभं असताना रानडुकरंही बाहेर पडतात. म्हणून जुलै ते सप्टेंबर आम्ही जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर गोल-गोल फिरलो. कंटाळवाणं, पण खंड पडला नाही. मंदिराजवळ ओपन जिम आहे. तिथल्या यंत्रांवर सकाळ-संध्याकाळ माणसं गप्पा मारत बसलेली असतात, त्यामुळे तिकडे आम्ही जात नाही. ताकदीचा व्यायाम घरीच करते. पाच लिटरच्या तेलाच्या डबक्या पाण्यानं भरून उचलते, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस करते. जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचं चालणं आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगितला आहे. चालण्याची मिनिटं बँड नीट मोजतो. डबकी त्याला कळत नाही.

मध्यम जोर म्हणजे किती, यासाठी ठोक्यांचा आकडा बघायची गरज नाही. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतका. आमच्या मावशी बोलायच्या थांबत नाहीत, म्हणून त्यांना आम्ही पुढं काढतो.

आता खाण्याचं. ॲपमध्ये जेवण लिहायची सोय आहे, ती मी एक आठवडा वापरली. त्यात ओट्स आहेत, पास्ता आहे, आणि चून, म्हणजे आमचं पिठलं, नाही, आंबील नाही, अंबाडीची भाजी नाही. 'भाकरी' टाकलं तर बाजरीची दाखवतं. हा भाग मी सोडून दिला. पण त्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली: चहा. माप द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला चहा आणि तिच्यासोबत मलाही. दिवसाला पाच कप सहज, प्रत्येकात दोन चमचे साखर. चमच्याला चार-पाच ग्रॅम धरले तरी चाळीस-पन्नास ग्रॅम झाली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहिलात तर चांगलं म्हणते, आणि त्यात बिस्किटातली साखरही आली. आता येणाऱ्याला चहा, मला ताक. दोन चहा ठेवले आहेत, सकाळचा आणि चारचा, तेही अर्ध्या चमच्याचे. या एका बदलाइतकं दुसऱ्या कशानंच काम केलं नसेल असं मला वाटतं.

दुसरा बदल ताटातल्या वाट्यांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की दिवसाच्या एकूण उष्मांकातला धान्याचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नसावा. आमच्याकडे पोळी, भात आणि वरण, तेही पातळ, म्हणजे धान्यच धान्य. मी धान्य बंद केलं नाही. भाताचा मोठा डाव होता तो छोटा केला, वरण घट्ट केलं, रात्रीची पोळी काढून ज्वारीची भाकर आणली. शंभर ग्रॅम ज्वारीत दहा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनसुद्धा नाहीत. गंमत म्हणजे ज्वारी आता आम्हाला विकत घ्यावी लागते. वावरात सोयाबीन, कपाशी, तूर. पाखरं आणि डुकरं ठेवत नाहीत म्हणून ज्वारी पेरणं कधीच सुटलं. रेशनचा तांदूळ फुकट आणि ज्वारी रोख, तेव्हा महिनाअखेरीला भाकर-भाताचं गणित बदलतं, हे सांगायलाच हवं.

बाकी पदार्थ घरचेच. पहिल्या पावसाची तरोट्याची भाजी, मग अंबाडी, थंडीत तुरीचे सोले आणि उकडलेल्या शेंगा, उन्हाळ्यात चिवळ. जेवताना जवसाची चटणी. संत्रं सोलून खाते, रस काढत नाही. चतुर्थीला साबुदाणा सोडून भगर आणि शेंगदाण्याची आमटी केली, आणि दुपारी येणारी सुस्ती गेली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला मी काही मोजत नाही, पुरणपोळीवर तूप घेते आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर जाते. लग्नसराईचं मात्र अवघड आहे. पंगतीत 'नको' म्हटलं की वाढणारी दुप्पट वाढते.

नऊ महिन्यांनी, मार्चमध्ये, पुन्हा तपासलं. एचबीए१सी ५.८. वजन तीन-साडेतीन किलोच उतरलं. गुडघ्याची कुरकुर कमी झाली, ही माझ्यासाठी वजनापेक्षा मोठी गोष्ट.

यंत्र म्हणून आता काय स्थिती आहे, तेही लिहिते. बॅटरी सुरुवातीला दहा दिवस जायची, आता सात. आमच्याकडे वीज जाते-येते, त्या मानानं हे चांगलंच. भर उन्हात पडदा दिसत नाही, पदराच्या सावलीत धरून बघावा लागतो. झोपेचा हिशोब विश्वासाचा नाही. रात्री सुती ब्लाऊजपीस हातात घेऊन टीव्हीसमोर हेम घालत बसले तर त्यानं ती झोप धरली. मोटरसायकलवर मागं बसून कच्च्या रस्त्यानं गेलं की दोन-चारशे पावलं फुकट मिळतात. रक्तातला ऑक्सिजन, ताण वगैरे आकडे मी बघत नाही. ब्लडप्रेशर दाखवणारा बँड कोणी विकत असेल तर त्यावर विसंबून गोळी कमी-जास्त करू नका, दंडाला पट्टा बांधायचं यंत्रच वापरा.

एप्रिल लागला, नऊ वाजताच ऊन चावतं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, तेव्हा साडेपाचला उजाडलं की निघून सातच्या आत घरी. संध्याकाळचं फिरणं दिवस मावळल्यावरच, निघण्याआधी पाणी पिऊन. लग्नाच्या ब्लाऊजांचा ढीग असल्यानं सध्या बँड दिवसातून बऱ्याचदा थरथरतो, आणि मी प्रत्येक वेळी उठतेच असं नाही.

घेणार असाल तर शेवटची एक सूचना. घामानं पट्ट्याखाली पुरळ येतं. रोज रात्री काढून साध्या पाण्यानं धुवा, मनगट कोरडं करून मगच घाला. माझा पट्टा सातव्या महिन्यात भोकापाशी फाटला, तिवशात मिळाला नाही, अमरावतीहून दीडशेला आणला. चार्जिंगची वायर प्रत्येक बँडची वेगळी असते आणि ती हरवली तर गावात कोणाचीच चालत नाही. विकत घेतानाच एक जास्तीचा पट्टा आणि एक जास्तीची वायर मागून घ्या.